नाशकातला पहिला नाताळ : चांदणीपासून ताटांपर्यंत

दिवाळीचा आकाशकंदील उतरवून माळ्यावर टाकला असेल, पण त्याची वायर आणि होल्डर अजून बाल्कनीच्या हुकाला लटकत असेल, तर तेवढं तसंच राहू द्या. नाताळची चांदणी तिथंच लागायची आहे. मराठी घरातल्या नाताळची निम्मी तयारी दिवाळीनं आधीच करून ठेवलेली असते. करंजीचा साचा वरच्या फळीवर आलेला असतो, सोऱ्याच्या सगळ्या चकत्या एका जागी असतात, तळणीची मोठी कढई कुठे आहे हे घरात प्रत्येकाला ठाऊक असतं. नव्यानं संसार मांडणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही, मग ते मॉलमधून कापसाचा बर्फ विकत आणतात.

अंबड-सातपूरच्या कारखान्यांत नोकरी लागून आलेली, लग्न होऊन आलेली, भाड्याच्या घरात पहिलाच नाताळ करणारी मंडळी दर वर्षी चर्चच्या आवारात भेटतात आणि तेच प्रश्न विचारतात. कधी सुरुवात करायची, काय काय करायचं, शेजाऱ्यांना काय द्यायचं. मी स्वतः नगर जिल्ह्यातून लग्न होऊन इथं आले. पहिल्या वर्षी २४ तारखेला सगळं एकदम करायला घेतलं. संध्याकाळी कढईतल्या करंज्या काळ्या झाल्या होत्या, येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्याला छप्पर नव्हतं, आणि सासूबाई शांतपणे म्हणाल्या, “नाताळ पंचवीसला असतो हे तुला आजच कळलं का गं?” तेव्हापासून मी नोव्हेंबरच्या शेवटी कॅलेंडर घेऊन बसते. तुम्हीही बसा.

आधी कॅलेंडर

आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या आधीचे चार रविवार, ३० नोव्हेंबरच्या सगळ्यात जवळच्या रविवारी सुरू होतो. म्हणजे पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान कधीतरी येतो. या चार रविवारांवर कामं वाटून टाकली की धावपळ होत नाही. पहिल्या रविवारी साफसफाई आणि चांदणीची बांबूकाडी. दुसऱ्याला गोठ्याचा सांगाडा आणि केकच्या सुक्या फळांची खरेदी. तिसऱ्यापासून तळण. चौथ्यानंतर उरलेलं तळण, केक, कपड्यांची इस्त्री आणि शेजाऱ्यांना द्यायची फराळाची ताटं.

घरात आगमनाचं कडं करायचं असेल तर फार खटाटोप नको. स्टीलच्या थाळीत ओली वाळू दाबून भरा, चार मेणबत्त्या रोवा, कडेनं सुरूच्या नाहीतर अशोकाच्या डहाळ्या खोचा. तीन जांभळ्या आणि एक गुलाबी अशी रीत आहे. गुलाबी मेणबत्ती तिसऱ्या रविवारी पेटते. जांभळी मेणबत्ती मिळाली नाही तर पांढरीला जांभळी फीत बांधा. अशोकाची पानं आठवडाभरात सुकतात आणि सुकलेलं पान झटकन पेट घेतं, म्हणून ती दर रविवारी बदलायची. आमच्यासारख्या प्रोटेस्टंट घरांत पूर्वी हे कडं फारसं नसायचं. माझ्या मुलीनं शाळेतून शिकून आणलं आणि मग ते राहिलंच.

कॅलेंडर हातात आहे तोवर आणखी एक गोष्ट बघून ठेवा : मार्गशीर्ष कधी संपतो. शेजारच्या घरांत मार्गशीर्षातले गुरुवार असतात, बरीच घरं महिनाभर अंडं-मटण आणत नाहीत. काही वर्षी मार्गशीर्ष २५ तारखेच्या आत संपतो, काही वर्षी संपत नाही. याचा संबंध पुढे ताटांशी येणार आहे.

चांदणी घरीच करा

विकतच्या प्लॅस्टिकच्या चांदणीला माझी हरकत नाही. पण पहिल्या वर्षी एकदा हातानं करून बघा, कारण करताना घरातली माणसं एका जागी बसतात.

बुरुडाकडून बांबूच्या कामट्या आणा. दोन फुटी चांदणीला दोन-दोन फुटांच्या दहा कामट्या लागतात आणि पाच-पाच इंचांच्या पाच काड्या. कामटी बोटात शिरते, म्हणून आधी पॉलिशपेपर मारा. पाच कामट्यांचा एक पंचकोनी तारा जमिनीवर मांडायचा, एक कामटी वरून, एक खालून, अशा एकमेकींत गुंतवून. पाच टोकांना आणि आत जिथे कामट्या एकमेकींना छेदतात त्या पाच जागी जाड दोऱ्यानं घट्ट बांधायचं. असाच दुसरा तारा. मग दोन्ही तारे एकावर एक ठेवून फक्त पाच टोकं बांधायची. आता आतल्या पाच छेदांवर त्या छोट्या काड्या उभ्या घाला. तारे मधून फुगतात, टोकांशी मिटलेले राहतात आणि सांगाडा तयार होतो. तिसरी काडी घालताना दुसरी निसटते. त्या वेळी घरातल्या कोणावर तरी ओरडायची पद्धत आहे.

कागद पतंगाचा घ्या. संक्रांत तोंडावर असल्यामुळे डिसेंबरात पतंगांची दुकानं लागायला लागतात, आणि येवल्याची पतंगबाजी जिल्ह्यातच असल्यामुळे कागदाला तोटा नाही. सांगाडा कागदावर ठेवून बोटभर जास्त सोडून कापा, समोरून एक, मागून एक. बाजूच्या दहा त्रिकोणी फटींना वेगळ्या पट्ट्या लागतात. वरच्या टोकाजवळची एक फट मात्र उघडी ठेवा. बल्ब तिथूनच आत जातो आणि ऊबही तिथूनच बाहेर पडते. चिकटवायला मैद्याची खळ करायची : दोन चमचे मैदा एक कप पाण्यात मंद आचेवर ढवळत राहा, चकाकी आली की उतरवा. आमचे सासरे झुरळं कागद खाऊ नयेत म्हणून खळीत चिमूटभर मोरचूद घालायचे. ते विषारी असतं. घरात लहान मूल असेल तर घालू नका.

आत ५ ते ९ वॉटचा एलईडी बल्ब लावा. जुना पिवळा ६० वॉटचा बल्ब दिसायला छान, पण तो तापतो आणि हा पतंगाचा कागद आहे.

गोठ्याला पेंढा इगतपुरीचा

गोठ्यासाठी तयार घरकुलं मिळतात. पण नाशकात सामान असं आहे की विकत घ्यावंसं वाटत नाही. इगतपुरी-त्र्यंबककडे भाताची कापणी नोव्हेंबरपर्यंत उरकलेली असते, तिकडून येणाऱ्या कोणालाही सांगा, पेंढ्याची एक मोळी घेऊन येईल. सटाण्याकडची लवकरची द्राक्षं डिसेंबरात बाजारात असतात, तेव्हा फळवाल्याकडे पुठ्ठ्याची रिकामी खोकी पडलेली असतात. एक खोकं आडवं केलं की भिंती तयार. वर पेंढा, खाली गोणपाट, मागे डोंगर. डोंगरासाठी खाकी कागद चुरगाळून पाण्यात बुडवा, पिळून काढा, उलट्या ठेवलेल्या डब्यांवर पसरा. वाळला की खडकासारखा दिसतो. मुलं त्याला पांडवलेणीचा डोंगर म्हणतात, म्हणू द्या.

हिरवळीसाठी वाट्यांमध्ये गहू पेरा. घटस्थापनेला जो गहू नऊ दिवसांत वीतभर वाढतो, तोच डिसेंबरात बारा दिवस घेतो. नाशिकच्या थंडीला कमी लेखू नका. शेजारच्या निफाडला पारा ५ अंशांच्या खाली गेल्याच्या बातम्या हिवाळ्यात येत असतात. म्हणून १२ तारखेला पेरायचं, आणि वाट्या रात्री बाल्कनीत न ठेवता फ्रिजच्या डोक्यावर ठेवायच्या. विसरलात तर मोहरी पेरा, तिला आठवडा पुरतो.

मूर्ती दर वर्षी एक-दोन वाढवत न्या, सगळा संच पहिल्याच वर्षी घ्यायची गरज नाही. मरीया, योसेफ, बाळ आणि एक मेंढपाळ एवढं पुरे. जनावरं आमच्याकडे पोळ्याची आहेत. श्रावण अमावास्येला आणलेले मातीचे बैल मुलांनी जपून ठेवले होते, ते एका डिसेंबरात आपोआप गोठ्यात जाऊन उभे राहिले. एका पाहुण्यानं नाक मुरडलं. त्यांना सांगितलं की इटलीतल्या ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली गव्हाणी मांडली, तेव्हा खराखुरा बैल आणि गाढव आणून उभं केलं होतं. आमचा बैल मातीचा आणि शिंगं रंगवलेला, एवढाच फरक.

गव्हाणी २४ च्या रात्रीपर्यंत रिकामी राहते. बाळाची मूर्ती रुमालात गुंडाळून ठेवतात आणि उपासनेहून आल्यावर घरातल्या सगळ्यात लहानाच्या हातून ती ठेवतात. रुमाल कुठे ठेवलाय ते लिहून ठेवा. आम्ही एका वर्षी रात्री दीड वाजता तांदळाच्या डब्यापर्यंत शोधत गेलो होतो. बाळाला भेटायला पूर्वेकडून आलेले तीन मागी राजे असतील तर ते पहिल्या दिवशी गोठ्यापासून लांब, टीव्हीच्या कोपऱ्यावर उभे करा. रोज थोडे थोडे पुढे सरकवायचे, म्हणजे ६ जानेवारीला ते पोचतात. लहान मुलं असलेल्या घरात हा उद्योग दिवाणखान्यातल्या झाडापेक्षा जास्त रंगतो.

झाडाबद्दल मला फार सांगण्यासारखं नाही. गंगापूर रोडच्या एखाद्या नर्सरीतून कुंडीतलं घ्या, सण झाल्यावर गॅलरीत जगेल.

फराळ, आणि केकची गोष्ट

आमच्या घरांत नाताळला फराळच असतो : करंज्या, शंकरपाळे, चकल्या, रव्याचे लाडू, कुणाकडे अनारसे. गोव्याकडच्या आणि मुंबई-वसईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांतून कुलकुल आले आणि आता सगळीकडे रुळले. क्रम टिकण्यावर ठरवायचा. शंकरपाळे आणि चकल्या १७-१८ तारखेला, कुलकुल २० ला, करंज्या २२ ला, केक २३ ला. करंजीत ओलं खोबरं असेल तर ती २४ च्या आधी करू नका.

शंकरपाळ्यांचं प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे. तूप, दूध, साखर एकेक वाटी, गरम करून साखर विरघळली की उतरवा, कोमट झालं की त्यात मावेल तेवढा मैदा, म्हणजे चार ते पाच वाट्या. दिवाळीत आणि आत्ता यात एकच फरक आहे. डिसेंबरात गोळा झाकून तासभर ठेवला तर तूप थिजतं आणि गोळा दगड होतो. घाबरून दूध ओतू नका, शंकरपाळे वातड होतील. भांडं कोमट पाण्याच्या परातीत दहा मिनिटं ठेवा आणि पुन्हा मळा.

कुलकुल पहिल्यांदा करत असाल तर अर्धा किलो मैदा, पाव वाटी बारीक रवा, १२५ ग्रॅम पिठीसाखर, दोन मोठे चमचे कडकडीत तुपाचं मोहन, चिमूटभर मीठ, आणि भिजवायला नारळाचं घट्ट दूध साधारण एक वाटी. काही घरांत अंडं घालतात. मी घालत नाही, कारण ताटं सगळ्या घरांत जायची असतात. बोराएवढी गोळी करून ती नव्या कोऱ्या कंगव्याच्या दातांवर अंगठ्यानं दाबायची आणि वळत आणायची, शिंपल्यासारखी. कंगवा नवा म्हणजे नवाच, आणि तो डब्यात फराळाच्या साच्याबरोबर ठेवायचा. आच मध्यम. मोठ्या आचेवर बाहेरून लाल आणि आतून कच्चे राहतात, आणि हे तिसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या घरी कळतं.

आता केक. सुकी फळं ४०० ग्रॅमच्या आसपास घ्या : काळे मनुके, बेदाणे, खजूर, टुटीफ्रुटी, थोडी संत्र्याची साल. नागपुरी संत्र्यांचा हंगाम असतो, दोन-तीन संत्र्यांच्या रसात फळं भिजवून फ्रिजमध्ये ठेवा. रसात भिजवलेली आठवड्याच्या आत वापरायची. रममध्ये भिजवणाऱ्यांनी महिनाभर आधी भिजवावी, पण तो केक घरापुरता ठेवावा. २५० ग्रॅम मैदा, २०० ग्रॅम लोणी, २०० ग्रॅम साखर, चार अंडी, दीड चमचा बेकिंग पावडर. रंगासाठी १०० ग्रॅम साखर कोरडीच कढईत गडद तपकिरी होऊ द्यायची आणि बेतानं गरम पाणी घालायचं. बेतानं म्हणजे हात लांब ठेवून, ते उसळतं.

नाशिकच्या थंडीत केक बिघडतो तो इथे : लोणी घट्ट आणि अंडी गार. फेटताना मिश्रण फाटतं. लोणी सकाळीच ओट्यावर काढून ठेवा, अंडी कोमट पाण्यात पाच मिनिटं. तरी फाटलंच तर दोन चमचे मैदा घालून फेटा, सावरतं. ओव्हन असेल तर १६० अंशांवर तासभर, मग सुरी घालून बघा. ओव्हन नसेल तर कुकर : शिट्टी आणि रबर काढायचं, तळाशी दीड वाटी मीठ, त्यावर स्टँड, रिकामाच दहा मिनिटं तापवायचा, मग टिन ठेवून मंद आच. पाणी अजिबात नाही. त्याला तासाहून जास्त लागतो आणि झाकण सारखं उघडलं की बसतो.

तिसरा मार्ग जुना आणि माझ्या आवडीचा : मिश्रण टिनमध्ये भरून बेकरीच्या भट्टीत भाजून आणणं, जशी आपण नानकटाई भाजून आणतो. पावाची घाई उतरल्यावर भट्टी मंदावते, तेव्हा ते घेतात. दोन दिवस आधी विचारून ठेवा, २३ तारखेला रांग लागते. आणि टिनवर खिळ्यानं नाव कोरा. मी एका वर्षी कागदाची चिठ्ठी चिकटवली होती, ती भट्टीत जळून गेली. घरी येऊन कापला तर आत चेरी आणि अक्रोड, जे मी घातलेच नव्हते. कुणाचा होता ते शेवटपर्यंत कळलं नाही. माझ्यापेक्षा चांगला झाला होता, हेही खरं.

ताटं

नाताळात माझा सगळ्यात जास्त जीव ताटांत असतो, म्हणून इथे जरा थांबते.

दिवाळीत शेजारच्या घरांतून आलेले डबे आपण रिकामे परत देत नाही, निदान साखरेची चिमूट तरी टाकतो. खरी परतफेड नाताळात होते. नोव्हेंबरातच एक यादी करून फ्रिजवर चिकटवा : कोणत्या घरून फराळ आला होता, त्या घरी काय चालतं. पहिल्या वर्षी कुणाची ओळख नसेल आणि दिवाळीत एकही डबा आला नसेल, तर समोरचं दार आणि खालचं दार, दोन ताटांनी सुरुवात करा.

माझ्या ताटात चार करंज्या, मूठभर शंकरपाळे, आठ-दहा कुलकुल, दोन चकल्या असतात, आणि बटरपेपरमध्ये वेगळा गुंडाळलेला केकचा तुकडा. वर क्रोशाचा रुमाल. केक बाकी फराळाला लागू द्यायचा नाही, एक तर चकली मऊ पडते, आणि दुसरं म्हणजे अंड्याचा प्रश्न. मी शेजाऱ्यांसाठी बिनअंड्याचा टिन वेगळाच करते आणि दारात उभी राहून, त्यांनी विचारायच्या आधी सांगते, “काकू, यात अंडं नाहीये, आणि तेलही ताजंच वापरलंय.” विचारायला माणसं संकोचतात. न विचारता घेतात आणि मग कामवालीला देऊन टाकतात. तुम्ही आधी सांगितलंत की ताट खाल्लं जातं.

मार्गशीर्षाचा गुरुवार आला तर ताट सकाळी नेऊ नका. उपास असतो, घरात पूजा मांडलेली असते. संध्याकाळी आरती झाल्यावर न्या, किंवा सरळ शुक्रवारी. शेवटच्या गुरुवारी उद्यापन असतं, तेव्हा कदाचित तुम्हालाच हळदीकुंकवाचं बोलावणं येईल. जायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. मी जाते, फळ घेते, कहाणी ऐकते. जैन शेजाऱ्यांकडे सूर्यास्ताच्या आत. मुस्लिम शेजाऱ्यांच्या ताटात रमचा केक चुकूनही जाऊ देऊ नका. ज्या घरात वर्षभरात कुणी गेलं असेल तिथे फराळ करत नाहीत, म्हणून तिथे ताट आधी जायला हवं, आणि दारात मोठ्यानं शुभेच्छा न देता आत बसून दोन शब्द बोलून यावं.

वॉचमन आणि घंटागाडीवरच्या दोघांसाठी झाकणाच्या डब्यात बांधून ठेवा. गाडी सकाळी येते तेव्हा हातात कचऱ्याची बादली असते, ताट द्यायला तिसरा हात नसतो.

चोवीसची रात्र

त्याआधी आठ-दहा दिवस कधीतरी रात्री कॅरलवाले येतील. ढोलकी, खंजिरी, एखादी गिटार, आणि लाल कपड्यातला घामाघूम सांता. सोसायटीच्या वॉचमनला आधी सांगून ठेवा, खालच्या घरात परीक्षेचं मूल असेल तर त्यांनाही. पंधरा माणसांचा चहा आणि पाकीट एवढी तयारी पुरे. मराठी मंडळींच्या गाण्यांत ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक यांची भजनं हमखास असतात. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक तर नाशिकजवळच्याच जलालपूरच्या. इथे ओवी-अभंगाच्या चालीवर ख्रिस्ताचं गाणं ऐकून नवे लोक चमकतात, पण आमच्या कानांना तेच घरचं वाटतं.

चर्च तुमच्या पंथाप्रमाणे आणि घराच्या अंतराप्रमाणे ठरवा. शरणपूर रोडला सेंट अँड्र्यूज, त्र्यंबक रोडला होली क्रॉस, नाशिकरोडला सेंट अ‍ॅन्स कॅथेड्रल. कॅथलिकांची मुख्य मिस्सा, म्हणजे उपासना, २४ च्या रात्री, प्रोटेस्टंटांची मोठी उपासना २५ च्या सकाळी. वेळा दर वर्षी थोड्या बदलतात, आदल्या रविवारी आवारातल्या फलकावर बघून घ्या. शरणपूर हे नावच चर्च मिशनरी सोसायटीच्या वसाहतीवरून पडलेलं, आश्रयाचं गाव अशा अर्थानं. गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं एकोणिसाव्या शतकात इथे शिकली. त्यांतलाच जेकब वेनराइट १८७४ साली आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टनचं शव घेऊन इंग्लंडपर्यंत गेला. शरणपूर रोडच्या सिग्नलला थांबल्यावर मला कधीकधी ती मुलं आठवतात.

रात्री जाणार असाल तर शाल, कानटोपी, मुलांना मोजे. मांडव बहुतेक उघडाच असतो, आणि साडी कितीही जरीची असली तरी अकरानंतर थंडी तिच्यातून आरपार जाते. गाडी लांब लावा आणि चालत जा, किंवा रिक्षावाल्याशी येण्या-जाण्याचं आधीच ठरवा. ख्रिस्ती नसलेले मित्र बरोबर असतील तर त्यांना तीनच गोष्टी सांगा : सगळे उभे राहिले की उभं राहायचं, प्रभुभोजनाची भाकर घ्यायला रांग लागते तेव्हा जागेवर बसून राहिलं तरी चालतं, आणि मोबाईल बंद. बायका बऱ्याच चर्चमध्ये डोक्यावर पदर घेतात. शेजारणीकडे बघा आणि तसं करा. बाहेर आल्यावर सगळे सगळ्यांचा हात हातात घेऊन ‘सलाम’ म्हणतात. अनोळखी असलात तरी म्हणतील.

पंचवीस, आणि पुढे

२५ चं जेवण साधं ठेवा. मटण २३ लाच सांगून ठेवायचं, माणशी २०० ग्रॅम धरून. सकाळी खाटकाच्या दुकानापुढे उभं राहाल तर उपासना बुडेल. आमच्याकडे काळ्या मसाल्याचा रस्सा, बाजरीची भाकरी, भात, आणि गोडाला शेवयांची खीर. मसाला आदल्या रात्री वाटून फ्रिजमध्ये. दुपारी दोननंतर पाहुणे यायला लागतात ते रात्री नऊपर्यंत, म्हणून फराळाचा एक डबा लपवून ठेवा. चहाला दूध दोन लिटर जास्तीचं.

३१ च्या रात्री वर्षअखेरची उपासना असते, ६ जानेवारीनंतर चांदणी उतरते. चांदणीचा कागद फाडून टाका, सांगाडा मात्र ठेवा, पुढच्या वर्षी कागदच बदलायचा. गोठ्यातला पेंढा गोठेवाल्याला द्या, गव्हाची हिरवळ गाईला.

ताटं मात्र लगेच परत येत नाहीत. ती १४ जानेवारीला, संक्रांतीला येतात, तिळगूळ घेऊन. तोवर यादी फ्रिजवरून काढू नका. गेल्या वर्षी अकरा गेली होती. नऊ तिळगुळाबरोबर आली, दहावं फेब्रुवारीत लिफ्टमध्ये हातात पडलं, आणि अकरावं मे महिन्यात, कैरीचं लोणचं घेऊन.